बायोडेटामधला गॅप

गेल्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. इंजिनिअरिंगला होस्टेलवर आम्ही तीन वर्षं एकाच खोलीत होतो. "अरे, तू बायोडेटा बरे बनवतोस ना, जरा माझा बघून दे." म्हटलं, पाठव. आयटीत पाच-सहा वर्षं काढली की दुसऱ्यांचे बायोडेटा दुरुस्त करायची सवयच लागते, निम्मं ऑफिस कायम नोकरी बदलायच्या बेतात असतं.

फाईल उघडली. याचा बायोडेटा मला जवळपास पाठ आहे. पदवीनंतर दीड वर्षाचा गॅप आहे आणि तिथे आजवर 'स्पर्धा परीक्षांची तयारी' असं लिहिलेलं असायचं. महाराष्ट्रात हे उत्तर दिलं की पुढे कोणी काही विचारत नाही. निम्म्या पोरांनी खरंच यूपीएससी-एमपीएससी केलेली असते, त्यामुळे उरलेल्यांचं खपून जातं. या वेळी मात्र त्याने ती ओळ खोडून लाल अक्षरात लिहिलं होतं, "इथे काय लिहू?"

त्या दीड वर्षात तो दोनदा ॲडमिट होता. निदान बायपोलर. मी एकदाच भेटायला गेलो. वीस मिनिटं क्रिकेटवर बोललो आणि ट्रॅफिकचं कारण सांगून निघालो. पुन्हा गेलो नाही. आता तो बरा आहे, म्हणजे गोळ्या चालू आहेत, नोकरीही चालू आहे. बायोडेटा हवा होता तो 'पिअर सपोर्ट वर्कर'च्या ट्रेनिंगसाठी. म्हणजे स्वतः मानसिक आजारातून गेलेल्या माणसाने, त्याच वाटेवर असलेल्या दुसऱ्याला सोबत करायचं काम. ओळखीतली नाही तर नोकरीतली सोबत. फॉर्मवर पहिलीच अट होती: स्वतःच्या आजाराचा आणि त्यातून सावरण्याचा अनुभव आवश्यक.

म्हणजे जो गॅप इतकी वर्षं लपवला, तोच इथे वर्क एक्स्पीरियन्स! मला हे फारच नवं, काहीसं अमेरिकन फॅड वाटलं. त्याला तसं म्हणालोही. मग शनिवार-रविवार वाचत बसलो आणि गप्प झालो, कारण या फॅडचं वय सव्वादोनशे वर्षांहून जास्त निघालं.

सुरुवात पॅरिसच्या बाहेर बिसेत्र नावाच्या जागी करावी लागते. (फ्रेंच उच्चारांबद्दल जाणकारांनी माफ करावं.) अठराव्या शतकातलं बिसेत्र म्हणजे हॉस्पिटल, अनाथालय, भिकाऱ्यांचा कोंडवाडा आणि तुरुंग असं सगळं एकाच आवारात. १७७१ साली तिथे ज्याँ-बाप्तिस्त प्यूसँ नावाचा पंचविशीतला तरुण पेशंट म्हणून आला. चामडं कमावण्याचा धंदा करणारा, आणि मानेला गंडमाळा झालेल्या. गंडमाळा म्हणजे गाठींचा क्षय, तेव्हा त्याला औषध नव्हतं. अशी माणसं एकदा आत आली की सहसा आतच राहायची. प्यूसँही राहिला, पण हळूहळू तिथलीच कामं करू लागला आणि १७८० च्या दशकाच्या मध्यावर वेड्यांच्या वॉर्डाचा मुख्य झाला. त्याची बायको मार्गरीतही त्याच्याबरोबर काम करायची.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्यूसँ मनोरुग्ण नव्हता. आजच्या व्याख्येत तो काटेकोरपणे बसत नाही. पण 'बरा होण्यासारखा नाही' असा शिक्का बसून त्या भिंतींच्या आत राहणं म्हणजे काय, हे त्याला आतून माहीत होतं. वॉर्डातल्या नोकरांनी पेशंटना मारायचं नाही असा नियम त्याने केला. नोकर बिथरले, बऱ्याच जणांना काढावं लागलं. मग त्यांच्या जागी माणसं कुठून आणायची? प्यूसँने वॉर्डातूनच आणली. जे सावरले होते, सावरत होते, त्यांनाच कामावर घेतलं. त्याने कारणही लिहून ठेवलंय, आणि ते अगदी व्यवहारी आहे: ही माणसं इतरांपेक्षा मवाळ असतात, प्रामाणिक असतात, माणुसकीने वागतात आणि या कामाला जास्त लायक ठरतात.

१७९३ साली, म्हणजे राज्यक्रांतीच्या ऐन धामधुमीत, फिलिप पिनेल हा डॉक्टर बिसेत्रला आला. मानसोपचाराच्या कुठल्याही पुस्तकात पिनेल पहिल्या पानावर भेटतो, वेड्यांच्या बेड्या तोडणारा महापुरुष म्हणून. पॅरिसच्या वैद्यक अकादमीत शार्ल म्युलरचं १८४९ सालचं मोठं चित्र आहे, त्यात पिनेल बिसेत्रमध्ये बेड्या काढायला लावतोय. गंमत अशी की पिनेल १७९५ साली बिसेत्र सोडून सालपेत्रियेर या बायकांच्या हॉस्पिटलात गेला होता आणि बिसेत्रमधल्या बेड्या काढल्या गेल्या १७९७ साली. कोणी काढल्या? प्यूसँने!

यात पिनेलचा दोष फारसा नाही. त्याने स्वतःच्या लिखाणात प्यूसँला मोकळेपणाने श्रेय दिलंय. एवढंच नाही, सालपेत्रियेरला त्याच्यावाचून अडायला लागलं तेव्हा सरकारदरबारी पाठपुरावा करून १८०२ साली त्याला तिथे आणवून घेतलं. पुढच्या लोकांना मात्र कथेत डॉक्टर हवा होता. प्यूसँच्या टिपणांवर डोरा वाइनर या इतिहासकार बाईंनी १९७९ साली एका अमेरिकन मानसोपचार नियतकालिकात लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच 'पिनेलची उमेदवारी' असे शब्द आहेत. उमेदवारी डॉक्टरची, आणि शिकवणारा कोण, तर एके काळचा पेशंट.

माझं प्रामाणिक मत विचाराल तर हे आश्चर्य वाटण्यासारखं नाहीच. प्रोडक्शन सर्व्हर निदान एकदा स्वतःच्या हाताने बंद पाडलेल्या माणसालाच रात्रीच्या सपोर्टला बसवावं असं मी मॅनेजरला कधीपासून सांगतोय :-)

पुढचं दीडएकशे वर्षं मी भराभर ओलांडतो. १८४५ साली इंग्लंडमध्ये जॉन पर्सिव्हल या माजी पेशंटने आणि त्याच्या साथीदारांनी 'वेडे ठरवलेल्यांचे मित्र' अशा अर्थाची संस्था काढली. हा पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हलचा मुलगा, त्यामुळे त्याला गप्प बसवणं तितकंसं सोपं नव्हतं. १९०८ साली अमेरिकेत क्लिफर्ड बीअर्सने स्वतःच्या वेडाचं आणि हॉस्पिटलात खाल्लेल्या माराचं पुस्तक लिहिलं, त्यातून मोठी चळवळ उभी राहिली. पण ही सगळी मुख्यतः हक्कांची भांडणं होती. एका पेशंटने दुसऱ्यासमोर बसून त्याला सावरायला मदत करणं, हे वेगळं काम. ते पुन्हा ठळकपणे दिसतं १९३५ साली, ओहायोतल्या ॲक्रन गावात.

बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातला माणूस, कट्टर दारुडा, दारू सोडून पाचेक महिने झालेले. ॲक्रनमधला सौदा फिसकटला, खिशात पैसे नाहीत, आणि हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने फोन उचलला. भेटायला दुसरा दारुडा हवा होता, आणि तोही त्या दारुड्याच्या भल्यासाठी नाही, स्वतः वाचण्यासाठी! फोनाफोनी करत तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. स्मिथची अवस्था वाईट होती. पंधरा मिनिटांच्या वर थांबायचं नाही असं त्याने बायकोला बजावलं होतं. दोघं बोलत बसले ते कित्येक तास. स्मिथला दारूचे दुष्परिणाम सांगणारे खूप भेटले होते, तो स्वतःच डॉक्टर होता. हा माणूस मात्र स्वतःबद्दल बोलत होता. यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस निघालं. ती पंधरा मिनिटं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

इथे आपल्या पुण्याचं नाव येतं. अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात 'मुक्तांगण' सुरू झालं. त्यामागची डॉक्टर म्हणजे डॉ. अनिता, अर्थात सुनंदा अवचट. मुक्तांगणबद्दल मराठी माणसाला सांगायला नको. पण तिथले कितीतरी कार्यकर्ते आणि समुपदेशक स्वतः कधी काळी तिथेच पेशंट म्हणून आलेले आहेत, याकडे मी आजवर 'छान, प्रेरणादायी' एवढ्याच नजरेने बघत होतो. मुळात ही एक पद्धत आहे, तिला प्यूसँपासूनची परंपरा आहे, हे डोक्यातच आलं नव्हतं. नवा आलेला गर्दुल्ला डॉक्टरला सहज गंडवतो. पण ज्याने घरातली भांडी विकून पुड्या घेतल्यात, त्याला गंडवणं कठीण.

व्यसनाच्या बाबतीत समाजाने हे स्वीकारलं. दारू सोडलेला माणूस व्यासपीठावरून स्वतःची गोष्ट सांगतो तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरमधून सावरलेल्याला तीच जागा मिळायला बराच उशीर लागला. तिथे लोकांच्या मनात शंका असते की हा नक्की सावरलाय ना? आणि पुन्हा बिघडला तर?

या शंकेला पगारपत्रकावर उत्तर दिलं ते अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने. या राज्यात मिलेजव्हिल नावाचं गाव आहे, तिथलं मनोरुग्णालय १८४२ साली सुरू झालं. १९६० च्या दशकात तिथे बारा हजारांच्या आसपास पेशंट होते. बारा हजार! हिंजवडीतल्या दोन-तीन मोठ्या कॅम्पसएवढी माणसं. आवारातल्या दफनभूमीत सुमारे पंचवीस हजार लोक पुरलेले आहेत. थडग्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे कोरलेले लोखंडी खुंट होते. गवत कापायला अडचण होते म्हणून मधल्या काळात तेही हजारोंनी उपटून टाकले गेले. १९९७ साली राज्यातल्या माजी पेशंटांच्या गटाने ते उपटलेले खुंट पाहिले आणि दफनभूमी पुन्हा उभी करायचं काम हातात घेतलं. या मंडळींमधला एक लॅरी फ्रिक्स. स्वतः बायपोलरमधून गेलेला आणि नंतर राज्याच्या मानसिक आरोग्य खात्यात पेशंटांच्या बाजूने बसणारा अधिकारी.

याच मंडळींनी आणखी एक, वरवर अतिशय कंटाळवाणं काम केलं. अमेरिकेत मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना आहे, खर्च केंद्र आणि राज्य वाटून घेतात. माजी पेशंटने दिलेल्या सोबतीचं बिल मेडिकेडला लावता यावं, असं जॉर्जियाने १९९९ साली मंजूर करून घेतलं. बिल लावायचं तर पदाला नाव हवं, कामाची यादी हवी, ट्रेनिंग हवं, परीक्षा हवी. त्यातून 'सर्टिफाइड पिअर स्पेशालिस्ट' हे पद आलं आणि २००१ च्या अखेरीस पहिली तुकडी तयार झाली. ऑगस्ट २००७ मध्ये केंद्राच्या मेडिकेड खात्याने सगळ्या राज्यांना पत्र लिहून वाट मोकळी केली. अटी तीन: कामावर देखरेख हवी, उपचाराच्या एकूण आराखड्याशी जोड हवी, आणि ट्रेनिंग व प्रमाणपत्र हवं. मोर्चे, पुस्तकं, भाषणं सगळं झालं, पण प्रत्यक्षात दार उघडलं ते एका बिलिंगच्या नियमाने. यात कोणाला काव्य दिसणार नाही. मला दिसलं, पण मी एंटरप्राइझ सॉफ्टवेअरमध्ये काम करतो.

आता मुख्य प्रश्न. आजार तर भोगून झालाय, मग ट्रेनिंग कशाचं? मित्राच्या अभ्यासक्रमाचा कागद आणि बाहेरच्या देशांतले असे अभ्यासक्रम शेजारी ठेवून पाहिले. आजाराची शास्त्रीय माहिती त्यात फार थोडी आहे. जास्तीत जास्त वेळ जातो तो स्वतःची गोष्ट सांगायला शिकण्यात, आणि त्याहून जास्त ती न सांगायला शिकण्यात. म्हणजे असं. समोरचा म्हणतो, "मला झोप येत नाही." तुमच्या तोंडावर येतं, "अरे, मला तर तीन महिने..." आणि संपलं, आता पेशंट तुम्ही झालात आणि तो बिचारा ऐकतोय. आपल्या दीड वर्षातली नेमकी कुठली दोन मिनिटं या माणसाच्या या क्षणी उपयोगाची आहेत, ते निवडायचं. बाकीचं खिशात ठेवायचं. रोल प्ले करून हे घोटून घेतात.

बाकीच्या गोष्टीही अशाच, साध्या आणि अवघड. 'तू गोळ्या बदल' असं सांगायचं नाही, 'माझ्या गोळ्या बंद झाल्या' असं सुचवायचंही नाही. 'का?' पेक्षा 'मग काय झालं?' विचारायचं. मैत्री आणि काम यातली रेषा, कारण पेशंट रात्री दोनला फोन करणार. समोरच्याने जिवाचं बरंवाईट करायची भाषा केली तर काय करायचं, आणि ते कोणाला कळवायचं हे त्याला आधीच कसं सांगून ठेवायचं. आणि स्वतःसाठी एक आराखडा: मी घसरायला लागलो तर पहिली लक्षणं कुठली, आणि ती कोणाला दिसतील? पुन्हा बिघडला तर, या लोकांच्या शंकेला उत्तर हे आहे. बिघडू शकतो, आणि त्याची तयारी अभ्यासक्रमातच आहे. आमच्याकडे याला डिझास्टर रिकव्हरी प्लॅन म्हणतात आणि तो ऑडिटच्या आदल्या रात्री लिहितात.

पण बिलाबरोबर बिलाचे रोगही आले. अमेरिकेत या सेवेचा बिलिंग कोड एच-००३८ आहे आणि मोजमापाचं एकक आहे... पंधरा मिनिटं! डॉ. बॉब स्मिथने पंधरा मिनिटांची अट घातली होती, आणि ती मोडली म्हणून सगळं पुढे घडलं. आता दर पंधरा मिनिटांची नोंद करायची, ती उपचाराच्या भाषेत लिहायची, सुपरवायझरकडे द्यायची. टाइमशीट भरणाऱ्या कुणालाही पुढचं सांगायला नको. हळूहळू माणूस टाइमशीटसाठी काम करायला लागतो. पिअर म्हणून घेतलेली माणसं वर्षा-दोन वर्षांत छोट्या डॉक्टरांसारखी बोलू लागतात, किंवा पेशंटांची ने-आण आणि फोनाफोनी करणारे स्वस्तातले मदतनीस होतात. पगारही बेताचेच. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ही पदं बहुतेक करून खालच्या, तिसऱ्या-चौथ्या वेतनश्रेणीत असतात. अनुभव अमूल्य आहे असं म्हणायचं आणि मूल्य द्यायची वेळ आली की ते वाक्य शब्दशः खरं करायचं, हा प्रकार आपल्याही ओळखीचा आहे.

याचा उपयोग होतो का? कोक्रेन या अभ्यास-परीक्षण करणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये ११ चाचण्या, २७९६ लोक, एवढं तपासून निष्कर्ष काढला की माजी पेशंटने दिलेली मदत आणि व्यावसायिकाने दिलेली मदत, यांच्या परिणामात फारसा फरक नाही. आणीबाणीच्या सेवांची गरज किंचित कमी पडते. पुरावाही फार भक्कम नाही असं त्यांनीच म्हटलंय. माझा मित्र यावर जरा खट्टू झाला. मला ते वाचून उलट वाटलं. वर्षानुवर्षं शिकलेल्या लोकांइतकंच ही माणसं करू शकतात, हे काय कमी आहे? शिवाय ती टेबलामागे कमी आणि पेशंटसमोर जास्त वेळ बसतात, हेही त्याच अहवालात आहे.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पुनर्विलोकन मंडळावर दोन जागा आजारातून गेलेल्या व्यक्तींना, काळजी घेणाऱ्यांना किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांना दिल्या आहेत. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्र गुजरातेतल्या सरकारी रुग्णालयांबरोबर काम करतंय. जर्मनीतल्या उल्म विद्यापीठाच्या पुढाकाराने पाच देशांत 'अपसाइड्स' नावाचा पिअर सपोर्टचा प्रयोग झाला, त्यात युगांडा, टांझानिया, इस्रायल यांच्याबरोबर भारतही होता. म्हणजे सुरुवात झालीये. पण या कामासाठी जॉर्जियासारखं सरकारमान्य पद, वेतनश्रेणी, बिलाचा कोड आपल्याकडे नाही. असलं ट्रेनिंग घेऊन माणूस पुढे कुठे लागणार हा प्रश्न मी मित्राला विचारलाच, सवयीने.

"सध्या शनिवार-रविवार करीन," तो म्हणाला. "नोकरी सोडत नाहीये, घाबरू नकोस."

"घरी सांगितलंस?"

"आई म्हणते, लग्न ठरेपर्यंत थांब."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्यूसँला हा प्रश्न नव्हता, त्याच्या गंडमाळा मानेवर दिसतच होत्या. माझ्या मित्राचं काहीच दिसत नाही, त्यामुळे दाखवायचं की नाही हे त्याला ठरवावं लागतं. एकदा प्रमाणपत्र घेतलं की ते जगजाहीर. उद्याच्या कंपनीचा एचआर, परवाच्या सोसायटीतले शेजारी, स्थळ घेऊन येणारे काका, सगळ्यांसाठी.

मग धीर करून मी विचारलं की तेव्हा मी भेटायला आलो होतो, तर मी काय बोलायला हवं होतं.

"तू ठीक होतास रे. क्रिकेट बरं होतं." थोडा वेळ थांबून म्हणाला, "शेजारच्या खाटेवर एक काका होते. एसटीत कंडक्टर. सकाळी चहा आला की माझा कप आणून द्यायचे आणि म्हणायचे, माझी ही तिसरी खेप, दोन्ही वेळा ड्यूटीवर परत गेलो. बास, एवढंच. रोज तेच वाक्य."

"ट्रेनिंग झालेलं होतं का त्यांचं?"

"गप रे."

फॉर्मची मुदत पुढच्या शुक्रवारी आहे. काल रात्री त्याने दोन फाइल्स पाठवल्या. एकीत स्पर्धा परीक्षांची तयारी परत आलीये. दुसरीत दीड वर्षाच्या तारखा, दोन्ही ॲडमिशन्स, आणि 'अनुभव' या मथळ्याखाली कंडक्टर काकांबद्दल चार ओळी. दोन्हीतलं शुद्धलेखन तपासून दे म्हणालाय. दुसरीत एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली.